पॉलिश पेपरवरचा वारा

जगात खडबडीतपणाची बाजू घेणारं कोणी नाही. आपण सगळे जन्मतः गुळगुळीत पक्षाचे सभासद. पुरुष रोज सकाळी दाढी घोटतो, ती गाल गुळगुळीत व्हावा म्हणून. श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रातून काढतात, तो जिभेला कण लागू नये म्हणून. भिंतीला आधी लांबी भरतात, मग घासतात, मग प्रायमर लावतात, मग पुन्हा घासतात. घरातली माणसं पंधरा दिवस धुळीत जेवतात. का, तर वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यानं भिंतीवरून हात फिरवून ‘छान झालंय हो’ म्हणावं. रस्ता, फरशी, भाषण आणि जावई, सगळं कसं हाताला न लागणारं हवं!

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, हे या पक्षाचे सांगलीतले जुने कार्यकर्ते. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, रंग, कुलपं असं सगळं असतं. पण दाजींचा खरा जीव पॉलिश पेपरवर. गिऱ्हाइकानं नुसतं ‘दार घासायचंय’ म्हटलं, की दार नवं की जुनं, सागवानी की प्लायचं, एवढं विचारून ते बरोब्बर नंबर काढून देतात. नंबर जेवढा लहान तेवढा कागद भरड, हे ज्ञान मला त्यांच्याकडूनच मिळालं. ‘जग खडबडीत आहे म्हणून आपण जेवतो,’ हे त्यांचं अर्थशास्त्र. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. पण तीन वर्षांत आमच्या प्राध्यापकांनी एवढं स्पष्ट कधी सांगितलं नव्हतं.

दाजींना स्वतःला मात्र कुठलाच नंबर लागू पडलेला नाही. गिऱ्हाइकाला ते ‘काय पाहिजे?’ असं विचारतात, की त्याला आपल्याला काहीही नको होतं असं वाटू लागतं. सरासरीनं पाहिलं तर दाजी फार चांगला माणूस. पण माणसाला सरासरीबरोबर राहायला मिळत नाही, ही ताईची अडचण.

अशा घरातल्या एकुलत्या एका मुलानं काय करावं? इंजिनियर व्हावं, झाला. एम.टेक. करावं, केलं. आणि मग पीएच.डी.च्या नावाखाली सहा वर्षं पॉलिश पेपर पसरून त्याच्यावरून वारा सोडत बसावं! दाजींना हे घराण्याचं विडंबन वाटायचं. ‘तीस वर्षं मी हा कागद विकतोय. हा घासायला असतो, एवढं शेंबड्या पोराला कळतं. याला सहा वर्षांत कळलं नाही!’

ताईची पंचाईत निराळी. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात एका शब्दात उत्तर देण्याची पद्धत आहे. डॉक्टर आहे, बँकेत आहे, अमेरिकेत आहे. शेवटच्यात तर काय करतो हेही सांगावं लागत नाही. ताई सांगायची, ‘वारा मोजतो.’ त्यावर समोरची बाई ‘हो का?’ म्हणून आपल्या मुलीचा विषय हळूच दुसरीकडे न्यायची.

त्यात पुण्याच्या एका कंपनीची नोकरी चालून आली. पगार ऐकून मी तो वर्षाचा की महिन्याचा, असं दोनदा विचारलं. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं होतं, आणि चिरंजीव तर म्हणत होते की मोजायला अजून आठ महिने लागतील. ताईचा मला फोन आला. ‘तू मुंबईत आहेस, त्याची संस्थाही तिथंच. तू मामा आहेस, शिवाय बँकेत आहेस. जरा जाऊन समजाव त्याला.’ बँकेतल्या माणसाला पैशातलं कळतं, असा लोकांचा समज आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्याला पैशातलं कळत असतं, तर तो दुसऱ्यांचे मोजत बसला असता का? पण बहिणीपुढे हे बोलता येत नाही. एका शनिवारी गेलो.

भाच्यानं प्रयोगशाळेच्या दारातच माझी झडती घेतली. ‘मामा, घड्याळ काढा. पेनही ठेवा. आणि ती अंगठीही.’

‘अंगठी कशाला?’

‘लेझरचा किरण चकचकीत वस्तूवर पडला, की परत फिरून डोळ्यात जातो. कायमचं नुकसान होतं.’

माझी अंगठी लग्नातली. बोट तेव्हाचं राहिलेलं नाही. साबण लावला, पाणी लावलं. शेवटी भाच्यानं बोटाला काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि संसाराचं प्रतीक झाकून मी आत गेलो. आत नारिंगी काचांचा एक जाड चष्मा मिळाला. लेझरचा उजेड हिरवा, असं ऐकून होतो. म्हटलं, आता हिरवागार देखावा दिसणार. भाच्यानं बटण दाबलं. टकटक आवाज सुरू झाला. हिरवं काही दिसेना.

‘चालू झालं का रे?’

‘झालं की. पण हा चष्मा नेमका तोच हिरवा अडवतो. म्हणून तर घालायचा.’

जे बघायला आलो तेवढंच वगळून बाकी सगळं दाखवणारा चष्मा मी आयुष्यात प्रथमच घातला. पूर्ण जोरात चाललेला तो हिरवा पडदा सहा वर्षांत माझ्या भाच्यानंही उघड्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. जे बघायचं ते कॅमेऱ्यानं बघायचं. त्या कॅमेऱ्याची किंमत ऐकल्यावर मी दोन्ही हात खिशात घातले, ते बाहेर येईपर्यंत काढले नाहीत.

तर प्रकार असा. एक लांबलचक चौकोनी बोगदा, बाजूंना काचा. एका टोकाचा भला मोठा पंखा आतून वारा ओढतो. वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. आपली स्कूटर जाते तेवढा. बोगद्याच्या तळाला पॉलिश पेपर चिकटवलेला. ३६ नंबर, चांगला भरड. उजेड उलटून कॅमेरा आंधळा होऊ नये म्हणून त्याला काळा रंग दिलेला. पण वारा दिसणार कसा? तर त्यात धूर मिसळायचा. ऑर्केस्ट्रात गायिका स्टेजवर येताना धूर सोडतात, तसलंच यंत्र कोपऱ्यात होतं. त्यातून जे थेंब निघतात ते साधारण १ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. इतके हलके, की वारा नेईल तिकडे मुकाट्यानं जातात. त्यांच्यावर वरून १ मिलिमीटर जाडीचा उजेडाचा पडदा पाडायचा. लेझर दोनदा लुकलुकतो, कॅमेरा दोन फोटो काढतो. दोहोंमध्ये अंतर ५० मायक्रोसेकंदांचं. एवढ्या वेळात तो ताशी ३६ किलोमीटरचा वारा पुढे सरकतो किती? अर्धा मिलिमीटर!

पडद्यावर काळ्या आभाळात चांदण्या पसरल्यासारखे हजारो ठिपके होते. मी म्हटलं, ‘यातला कुठला ठिपका कुठं गेला, हे कसं ओळखणार? माझ्या काउंटरवरची दहा माणसं पाच मिनिटांत जागा बदलतात, तर मला ओळखू येत नाहीत.’

‘एकेक ओळखायचाच नाही, मामा. वारीत एकेक वारकरी ओळखता येतो का? पण दिंडी ओळखता येते. टाळवाले पुढे, वीणेकरी मध्ये, तुळस घेतलेल्या बाया मागे. पहिल्या फोटोचे छोटे चौकोन पाडायचे, आणि प्रत्येक चौकोनातली ठिपक्यांची दिंडी दुसऱ्या फोटोत कुठं सरकली ते संगणकानं शोधायचं. किती सरकली ते कळलं, किती वेळात ते माहीतच आहे. झाला वेग!’

क्षणात त्या चांदण्यांच्या जागी बारीक बाण उमटले. वरच्या अंगाला सगळे बाण शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावे तसे शिस्तीत एका दिशेला. कागदाजवळ मात्र मधल्या सुट्टीचा गोंधळ! काही वर, काही खाली, काही चक्क गिरकी घेऊन मागे. डोळ्यांना न दिसणाऱ्या वाऱ्याची ही भांडणं बघताना मी नोकरीचा विषय काढायचा विसरलो नव्हतो. पण आधी हे बघून घेऊ म्हटलं.

ही युक्ती तशी जुनी. लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ च्या सुमारास हॅनोव्हरला हातानं चाक फिरवून पाणी खेळवलं होतं, आणि त्यात अभ्रकाचा चुरा टाकून प्रवाह कसा वळतो ते पाहिलं होतं. लेझर १९६० मध्ये आला, आणि या पद्धतीला आजचं नाव १९८४ मध्ये मिळालं. त्याआधी वाऱ्यात केसाहूनही बारीक तापवलेली तार धरायचे. वारा तिला किती गार करतो त्यावरून वेग. पण ती तार एका वेळी एकाच बिंदूवरचं सांगणार, आणि जरा धक्का लागला की तुटणार. आता हजारो बिंदूंची खबर एका क्षणात मिळते, तीही वाऱ्याला हात न लावता.

‘आता हे असले किती फोटो काढायचे?’

‘एका वेगाला दोन हजार जोड्या. मग त्यांची सरासरी.’

सरासरी हा शब्द ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. सरासरी शिल्लक, सरासरी व्याज, सरासरी वयोमान; आमचं खातंच ते! मी म्हटलं, ‘म्हणजे गोंधळ शेवटी शून्यच होतो ना? वर जाणारे खाली येणाऱ्यांत वजा. मग सहा वर्षं कशाला?’

भाच्यानं खडू घेतला. ‘हे ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं मँचेस्टरला १८९५ मध्ये मांडलंय. कुठल्याही क्षणाचा वेग म्हणजे सरासरी अधिक चढउतार. चढउतारांची बेरीज शून्य, हे तुमचं बरोबर. पण आडव्या वेगाचा चढउतार आणि उभ्या वेगाचा चढउतार यांचा त्या त्या क्षणी गुणाकार करा, आणि मग सरासरी काढा. ती शून्य येत नाही.’

‘का?’

‘कारण दोघं संगनमतानं चालतात. कागदाजवळची हवा मंदावलेली असते, ती उसळून वर जाते आणि वरच्यांना मागे ओढते. वरची हवा वेगात असते, ती खाली झेपावते आणि कागदाला धक्का देऊन वेग गमावते. दोन्हीकडून तोटा वाऱ्याचाच. सरासरी काढली की वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांत फिटतात. पण घर्षण मागे उरतंच. कागद किती त्रास देतो ते तिथं सापडतं. म्हणून आडवा आणि उभा, दोन्ही वेग एकाच क्षणी मोजायला लागतात.’

हे ऐकून मी स्टुलावर बसलो. विसाहून जास्त वर्षं मी बँकेत काय करतोय, ते या मुलानं फळ्यावर लिहून दाखवलं होतं. संध्याकाळी आमचं जमा आणि नावे जुळतं. फरक शून्य. कागदोपत्री त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. पण दहा वाजता पासबुकाच्या यंत्रावरून झालेली हमरीतुमरी, साडेअकराला सही जुळत नाही म्हणून रडवेले झालेले पेन्शनर आजोबा, दोन वाजता साहेबांचं बोलणं, आणि त्या बोलण्याचा राग मी पुढच्या गिऱ्हाइकावर काढलेला. हे ताळेबंदात कुठं असतं? आणि तरी घरी येतो तो माणूस दमलेलाच असतो. सौ. विचारते, ‘काय झालं आज?’ मी म्हणतो, ‘काही नाही.’ तेही बरोबरच असतं. बेरीज शून्य!

मग त्यानं मला निकुराड्झेची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ प्रांट्लच्याच हाताखाली गोटिंगनला होते. त्यांनी वाळू घेतली, चाळून चाळून एकसारखे कण वेगळे केले, नळ्यांना आतून रोगण लावून ते कण चिकटवले, आणि त्यातून पाणी सोडून किती अडतं ते मोजलं. कुठं नळीची त्रिज्या कणाच्या १५ पट, कुठं ५०७ पट. १९३३ मध्ये त्यांनी आकडे छापले, आणि आजही जगातल्या कुठल्याही खडबडीत वस्तूचा खडबडीतपणा निकुराड्झेंच्या वाळूच्या मापात सांगतात. गंजका नळ असो की जहाजाच्या तळाला चिकटलेले शिंपले असोत. प्रश्न एकच, ‘किती जाडीच्या वाळूएवढा त्रास देतो?’

त्यांना सापडलेली मौज अशी, की प्रवाह हळू असेल तर तीच वाळूची नळी गुळगुळीत नळीसारखी वागते. पृष्ठभागाला लगटून संथ द्रवाचा एक पातळ थर असतो, त्यात कण बुडून जातात आणि वरून जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वेग वाढला की तो थर पातळ होतो, कण डोकं वर काढतात, आणि अडवणूक सुरू. म्हणजे खडबडीतपणा हा एकट्या पृष्ठभागाचा गुण नव्हे. वरून कोण, किती घाईनं जातंय, त्याचाही आहे! मला एकदम दाजी आठवले. दिवाळीत चार दिवस निवांत राहायला जाणाऱ्या माझ्यासारख्याला ते अगदी मऊ लागतात. घाईनं मोठं होत असलेल्या मुलाला ते कसे लागले असतील?

‘आणि मामा, नुसत्या कणाच्या उंचीवर भागत नाही. कण विरळ असतील तर अडवणूक कमी. दाट करत गेलं की वाढते. पण फारच दाट केले, तर ते एकमेकांच्या आडोशाला जातात, वारा वरच्यावर निघून जातो आणि अडवणूक परत कमी! श्लिख्टिंगनं १९३६ मध्ये पाण्यात गोळ्याबिळ्या चिकटवून हे दाखवलं. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला तर लेगोचे ठोकळे लावून मोजलंय. म्हणून नवा पृष्ठभाग नुसता बघून, हात फिरवून सांगता येत नाही. मोजावाच लागतो.’

हेही मला पटलं. एकट्या बंगल्यातला एक तिरसट म्हातारा साऱ्या गल्लीला जाणवतो. चाळीत तसले बारा असतात, पण ते एकमेकांच्या आडोशाला असल्यामुळे जाणारायेणारा बिनदिक्कत जातो.

‘याचा उपयोग काय, असं बाबा विचारतात,’ भाचा आपणहून म्हणाला. ‘चाळकेवाडीच्या पवनचक्क्या त्यांनी पाहिल्यात. पावसानं आणि चिकटलेल्या किड्यांनी पात्यांच्या कडा खरखरीत झाल्या की वीज कमी निघते. जहाजाला शिंपले चिकटले की इंधन जास्त लागतं. हे किती, ते आधी सांगता आलं तर कधी धुवायचं, कधी घासायचं ते ठरवता येईल.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘शेवटी घासण्यावरच येतं.’

बोलता बोलता त्यानं फडताळ उघडलं. आत खाकी कागदात गुंडाळलेला पॉलिश पेपरचा रोल होता. वर दाजींच्या हातचं वळणदार ‘३६’.

‘हा तुझ्याकडे कसा?’

‘इथं सारख्या दाण्याचा मिळेना. फोनवर बाबांना विचारलं. ते पाऊण तास ओरडले. तिसऱ्या दिवशी एस.टी.च्या पार्सलनं हा आला. खालून-वरून एकसारखा. हात फिरवून निवडलेला असणार.’

नोकरीचा विषय मी काढला. काढणं भाग होतं. तो एवढंच म्हणाला, ‘मामा, कागदाच्या अगदी जवळ मोजणं सगळ्यात अवघड. तिथं चकाकी येते, आणि उंच कणांआडची खाच कॅमेऱ्याला दिसत नाही. ते आत्ता कुठं साधायला लागलंय. आत्ता सोडलं, तर वरवरचं तेवढं मोजून सोडल्यासारखं होईल.’ माझ्याकडे पैशातली बरीच वाक्यं तयार होती. ती मी तशीच परत आणली.

पुढच्या रविवारी सांगली गाठली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दाजींना सगळं सांगितलं. जमेल तेवढं, हातवारे करून. वाऱ्याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. निकुराड्झे आले तसे ते काउंटरवर पुढे झुकले.

‘त्या जर्मनानं वाळू चाळली म्हणता?’

‘चाळून एकसारखी केली.’

‘म्हणजे आपल्यातलाच की! आमच्या कागदाचा नंबर पण चाळणीवरूनच पडतो.’ मग त्यांनी ३६ नंबरचा एक तुकडा घेऊन त्यावरून अंगठा फिरवला. ‘आणि हे अंगठ्याला जेवढं लागतं, तेवढंच वाऱ्याला लागत नाही म्हणतो काय पोरगं?’

‘नाही लागत. म्हणून तर मोजायचं.’

दाजी बराच वेळ गप्प होते. आतून ताईनं हळूच विचारलं, ‘मग नोकरीचं काय ठरलं?’

‘काय ठरायचंय?’ दाजी खेकसले. ‘आठ महिने कुठं पळून जातात काय नोकऱ्या? हातातलं काम अर्धं टाकून गिऱ्हाईक जोडतात होय?’ आणि पोऱ्याला म्हणाले, ‘अरे, तो चोवीस नंबरचा रोल काढ. ३६ वर मोजलं ना त्यानं? याच्यावर मोजायला सांग म्हणावं. आणि मेहुणे, त्याला सांगा, फुकट नाही हे. बिल लावणारेय.’

बिल काही माझ्याकडे दिलं नाही. रोल दिला. तो मांडीवर घेऊन मी सांगली ते मुंबई एस.टी.नं आलो. चोवीस नंबरच्या कडेनं माझी टेरिकॉटची पँट दोन्ही मांड्यांवर अशी काही घासली गेली, की दाजींच्या मालाबद्दल शंका उरली नाही.

दार उघडताच सौ.चं लक्ष रोलकडे गेलं. ‘पॉलिश पेपर का? बरं झालं बाई! बाल्कनीचं दार घासायचंच होतं.’

मी तो लगेच कपाटावर, तिचा हात पोचणार नाही असा ठेवला. म्हटलं, ‘हा घासायचा नाही. याच्यावरून वारा जायचाय.’